भीमाकाठचे देणे

पुणे-सोलापूर रस्त्याने पाटसला आले की एक रस्ता दौंडकडे वळतो. आषाढवारीत तुकोबांची पालखी पाटसहून पुढे रोटी घाट चढून बारामतीच्या दिशेने जाते. आपण मात्र पालखीची वाट सोडून दौंडला जायचे आणि भीमा ओलांडायची. पलीकडे श्रीगोंदा तालुका लागतो. त्याच काठाने खाली गेले की पेडगाव येते. पेडगावचा भुईकोट म्हणजे बहादूरगड. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताशच्या नावावरून पडलेले हे नाव. आत आता पडक्या भिंती, जुनी देवळे आणि पायाखाली काटेरी झुडपे आहेत.

15 फेब्रुवारी 1689 रोजी छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना याच किल्ल्यात आणले. संगमेश्वरला मोगल सरदार मुकर्रबखानाने त्यांना पकडल्याची बातमी औरंगजेबाला अकलूजच्या छावणीत कळली आणि तो तिथून बहादूरगडला आला. त्या दरबारातली एक गोष्ट फारसी बखरकारांनी मुद्दाम टिपून ठेवली आहे. कैदी समोर येताच बादशहा तख्तावरून खाली उतरला, गालिच्यावर गुडघे टेकले आणि त्याने कपाळ जमिनीला लावून देवाचे आभार मानले.

पुढची कहाणी मराठी माणसाला पाठ आहे. छावणी भीमेच्या काठाकाठाने वर कोरेगावला गेली. उलेमांनी मृत्यूचा निवाडा दिला. 11 मार्च 1689 रोजी, फाल्गुन अमावास्येला, वढू-तुळापूरच्या परिसरात संभाजी महाराजांचा आणि कवी कलशांचा हालहाल करून वध झाला. तुळापूर आणि पेडगाव यांच्या मधला नदीचा पट्टा म्हणजे एका काठाला शिरूर, दुसऱ्या काठाला दौंड. या हत्येला फिर्यादी एक आणि साक्षीदार ही सगळी नदी.

या लेखात मला त्या वधापेक्षा त्या सजद्याविषयी लिहायचे आहे. ज्याच्यापुढे बादशहाने कपाळ टेकले त्या देवाचा न्याय त्याच्या स्वतःच्या धर्मात कसा सांगितला आहे, आणि आयुष्याच्या अखेरीस तो न्याय त्याला कसा दिसू लागला, ही त्या सजद्यानंतरच्या अठरा वर्षांची गोष्ट आहे.

आपल्याकडच्या कुठल्याही गावात मुसलमान घरातल्या मयतीला गेलेल्यांनी एक प्रसंग पाहिलेला असतो. जनाजा नमाजासाठी ठेवलेला असतो, रांगा लागलेल्या असतात. त्या वेळी मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येतो आणि जमलेल्यांना विनवतो, की यांच्याकडे कुणाचे काही घेणे असेल तर आम्हाला सांगा, आम्ही फेडू. बोलण्या-चालण्यात कुणाला दुखावले असेल तर माफ करा. हजला निघालेला माणूसही आधी घरोघर जाऊन हीच माफी मागतो. शब-ए-बारातला शेजारीपाजारी, पाहुणेरावळे एकमेकांना ‘कहासुना माफ करना’ म्हणतात.

ही नुसती रीतभात नाही. इस्लामच्या श्रद्धेत माणसाचे देणे दोन प्रकारचे असते. एक अल्लाहचे: नमाज, रोजे, भक्ती, कृतज्ञता. त्यात चुकलात तर माफ करणारा तो स्वतः, आणि त्याची दया त्याच्या क्रोधाच्या पुढे चालते अशी पैगंबरांची शिकवण. कुराणाच्या 114 सूरांपैकी 113 रहमान आणि रहीम या दोन नावांनी सुरू होतात. दोन्ही नावे दयेचीच. एका हदीसनुसार अल्लाहने दयेचे शंभर भाग केले आणि त्यांतला एकच पृथ्वीवर पाठवला. आई लेकराला जवळ घेते, घोडी आपल्या पिलावर टाच पडू नये म्हणून पाय उचलून धरते, ते सारे त्या एका भागातून. शंभर खून केलेला माणूस पश्चात्तापाने निघाला आणि वाटेतच मेला तरी त्याला क्षमा मिळाल्याची कथाही त्याच परंपरेत आहे.

दुसरे देणे बंद्यांचे, म्हणजे माणसांचे. कुणाची जमीन, कुणाची मजुरी, कुणाची अब्रू, कुणाचा जीव. हे देणे माफ करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा. अल्लाह इथे न्यायाधीश असतो आणि न्यायाधीश दुसऱ्याच्या पैशावर उदार होत नाही. धर्मासाठी प्राण दिलेल्याचे सगळे गुन्हे माफ होतात, कर्ज मात्र होत नाही असे हदीस सांगते. कर्ज मागे ठेवून गेलेल्याच्या जनाज्याची नमाज पैगंबर पूर्वी स्वतः पढवत नसत, कुणीतरी ते कर्ज अंगावर घेईपर्यंत. त्यांनी एकदा सोबत्यांना विचारले, दिवाळखोर कोण? मग त्यांनीच सांगितले, की निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजे, जकात यांची रास घेऊन येणारा, पण कुणाला शिवी दिलेला, कुणाचा माल खाल्लेला, कुणाचे रक्त सांडलेला माणूस खरा दिवाळखोर. त्याचे पुण्य एकेका पीडिताला वाटून दिले जाईल. पुण्य संपले की पीडितांची पापे त्याच्या माथी येतील.

दया आणि न्याय यांचा मेळ कसा घालायचा, यावर बसरा-बगदादच्या पंडितांनी शतकानुशतके वाद घातला. मुतझिला पंथाचे लोक स्वतःला न्यायवादी म्हणवत. पाप्याला शिक्षा झालीच पाहिजे, नाहीतर देव न्यायी कसला, असे त्यांचे म्हणणे. अशअरी मताचे लोक म्हणत, देवावर बंधन घालणारे आपण कोण, तो हवे त्याला क्षमा करील. खेड्यातल्या जनाज्याला उभ्या असलेल्या माणसाला हा वाद ठाऊक नसतो, पण त्याचे सार तो न चुकता पाळतो: देवाकडे दया माग, आणि माणसांकडे आधी हिशेब चुकता कर.

औरंगजेबाला यातले काय माहीत होते? सगळे. फतावा-ए-आलमगिरी हा हनफी कायद्याचा प्रचंड संग्रह त्याच्याच आज्ञेने, बुऱ्हाणपूरच्या शेख निजामाच्या देखरेखीखाली तयार झाला. कुराण त्याला मुखोद्गत होते. इमाम गजालीचे ग्रंथ तो वाचत असे आणि गजालीने तर खौफ आणि रजा, म्हणजे देवाची भीती आणि देवाची आशा, यांवर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. शिवाय बंद्यांचा हक्क म्हणजे काय, हे त्याला पुस्तकाबाहेरही दोनदा अगदी जवळून कळले होते.

पहिल्यांदा कळले ते भावाच्या प्रकरणात. मुरादबक्षाला कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवले होते. त्याला उघडपणे मारण्यासाठी कारण हवे होते. मुरादने गुजरातेत आपला दिवाण अली नकी याला ठार केले होते. इस्लामी कायद्यात खुनाचा बदला मागणे किंवा माफ करणे हा मृताच्या वारसांचा अधिकार असतो. तेव्हा अली नकीच्या मुलांना पुढे करण्यात आले. थोरल्या मुलाने बदला मागायला नकार दिला. धाकट्याने मागितला, काझीने निवाडा दिला आणि 1661 मध्ये मुरादचे डोके उडवले गेले. बदला न मागणाऱ्या थोरल्या मुलावर औरंगजेबाने पुढे मेहेरनजर ठेवली. ही नोंद वाचताना मी थांबतो. ज्या माणसाने भावाच्या मृत्यूसाठी वारसाचा हक्क हत्यारासारखा वापरला, त्यालाच क्षमा करणाऱ्या वारसाची थोरवीही कळत होती. हे न कळण्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे.

दुसऱ्यांदा बापाच्या बाबतीत. शहाजहान 1658 पासून आग्र्याच्या किल्ल्यात कैद होता. त्याची थोरली मुलगी जहानआरा त्याच्यासोबत राहिली. बापाने मुलाला क्षमा करावी म्हणून ती पुन्हा पुन्हा विनवत राहिली आणि तो नाही म्हणत राहिला. शेवटी 1666 मध्ये मरण्यापूर्वी त्याने औरंगजेबाच्या अपराधांच्या माफीवर सही केली. म्हणजे दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या बादशहालाही कैदेतल्या म्हाताऱ्याच्या सहीची गरज होती. हा माफीनामा अल्लाहच्या दयेतून परस्पर मिळणारा नव्हता.

औरंगजेबाच्याच दरबारात एक माणूस असा होता, ज्याने हा हिशेब स्वतःच्या बाबतीत चोख पाळला. त्याची गोष्ट त्याच्या बापापासून सुरू होते. शहाजहान जिवंत असताना मुलाच्या नावाने खुतबा पढणे योग्य की नाही, या पेचात काझी अब्दुल वहाब याने औरंगजेबाला हवा तो फतवा दिला आणि तो राज्याचा मुख्य काझी झाला. त्या पदावर त्याने अमाप पैसा केला. तो मेल्यावर त्याचा मुलगा शेख-उल-इस्लाम त्याच पदावर आला. मुलाने बापाच्या संपत्तीतला आपला वाटा स्वतःसाठी ठेवला नाही, दान करून टाकला. विजापूर आणि गोवळकोंडा ही मुसलमानांची राज्ये जिंकायला निघणे धर्माला धरून आहे का, असे बादशहाने विचारले तेव्हा त्याने नाही म्हणून सांगितले, काझीपद सोडले आणि हजची वाट धरली. बादशहाने दुसरा काझी नेमला. 1686 मध्ये विजापूर पडले, 1687 मध्ये गोवळकोंडा. मराठी वाचकाला शेख-उल-इस्लामचे नाव फारसे ठाऊक नसते. ठाऊक असायला हवे. धर्माने बांधलेला न्यायाधीश कसा असतो, हे दाखवणारा माणूस त्याच छावणीत होता, म्हणजे तसे वागणे त्या काळात अशक्य होते असे म्हणायची सोय उरत नाही.

1689 च्या सजद्यानंतर औरंगजेबाला वाटले होते की दख्खनचे काम संपले. रायगड त्याच वर्षी पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैदेत आले. पण राज्य पडले नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले. संताजी, धनाजी मोगल फौजांच्या पाठीवर राहिले. 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी लढाई चालूच ठेवली. बादशहाची छावणी भीमेच्या खोऱ्यात घरासारखी रुजली. 1695 पासून चार वर्षे ती भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती, गावाचे नाव बदलून इस्लामपुरी ठेवले होते. त्यानंतर म्हाताऱ्याने स्वतः किल्ल्यांमागून किल्ले घ्यायला सुरुवात केली. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड. कित्येक किल्ले तोफांपेक्षा पैशाने घेतले आणि पाठ फिरताच मराठ्यांनी परत घेतले. 1700 च्या ऑक्टोबरमध्ये माणगंगेच्या काठी खवासपूरला रात्री पूर आला, छावणी वाहून गेली. त्या धावपळीत बादशहाचा गुडघा निखळला आणि तो जन्माचा लंगडा झाला. 1703 चा पावसाळा त्याने पुण्यात काढला. तिथे त्याचा नातू, शहजादा कामबक्षाचा मुलगा मुही-उल-मिल्लत वारला आणि त्या पोराच्या नावाने पुण्याला मुहियाबाद म्हटले जाऊ लागले.

याच वर्षांत, 1702 ते 1704, दख्खनवर दुष्काळ आणि रोगराई एकदम कोसळली. इटालियन प्रवासी मनुची याने वीस लाखांवर माणसे मेल्याचे लिहिले आहे. आकडा अंदाजाचा असेल, पण त्याने वर्णन केलेला मुलूख अंदाजाचा नाही: शेतात झाड नाही, पीक नाही, माणसांची आणि गुरांची हाडे पसरलेली. मोगलांच्या चाकरीतल्या भीमसेन सक्सेनानेही रयतेच्या नागवणुकीबद्दल कळवळून लिहिले आहे. एवढी फौज, तिचे हत्ती-घोडे-उंट-बैल आणि मागे चालणारा बाजार, हे सगळे कुठल्यातरी गावच्या कणगीतून आणि कडब्यातूनच जगत होते. एकाच शेतातून मोगल चौधरी वसूल मागे, मराठ्यांचा चौथाईचा कारकून मागे आणि उरलेले लुटारू नेत. मोगल दप्तरात हा सगळा खर्च बादशाही मोहिमेच्या नावाने पडला. बंद्यांच्या हक्काच्या हिशेबात तो कुणाच्या नावाने पडतो, हे बादशहाला शिकवायची गरज नव्हती.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. खाफीखान हा औरंगजेबाच्या भक्तीचा आदर करणारा इतिहासकार, पण तोही तक्रार करतो की धर्मभीरूपणामुळे बादशहा सरदारांना शिक्षा करायला कचरे आणि शिक्षेवाचून राज्य चालत नाही. रयतेला नाडणारे अंमलदार अर्ज-विनंती करत आणि सुटत. वर बसलेला माणूस दयेच्या नावाने माफी देतो, आणि ती ज्याच्या खिशातून जाते तो शेतकरी त्या दरबारापर्यंत पोचतही नाही. दयेचा हा प्रकार इस्लामने कधी मान्य केलेला नाही. दुसऱ्याचे देणे आपण माफ करून टाकणे म्हणजे दया नाही, ती दुसरी चोरी आहे.

1705 मध्ये वाकिनखेड्याचा वेढा संपल्यावर औरंगजेब आजारी पडला. 1706 च्या जानेवारीत तो अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोचला. हा आपल्या प्रवासाचा शेवट, असे तो म्हणाल्याचे सांगतात. 1681 मध्ये दख्खनेत उतरलेला माणूस उत्तरेला परत गेलाच नाही. भिंगारच्या छावणीत मुलगी झीनतुन्निसा त्याच्याजवळ होती.

शेवटच्या दिवसांत त्याने आझम आणि कामबक्ष या मुलांना लिहिलेली फारसी पत्रे प्रसिद्ध आहेत. एकटा आलो आणि परका म्हणून चाललो. आपण कोण आणि काय करत होतो हे कळत नाही. राज्य राखणे आणि रयतेचा सांभाळ करणे आपल्याकडून झाले नाही. मौल्यवान आयुष्य वाया गेले, असा त्यांचा आशय. देवाच्या दयेची आशा आहे, पण आपल्या कृत्यांचा विचार आला की जीव थाऱ्यावर राहत नाही, असे तो मुलाला सांगतो. कामबक्षाला लिहिताना, दिलेल्या प्रत्येक यातनेचे फळ आपण बरोबर नेत आहोत असे तो म्हणतो. आणि माझ्यानंतर भावाभावांच्या लढाईत मुसलमान मारले जाऊन त्याचा दोष या म्हाताऱ्याच्या माथी येऊ नये, अशी विनवणीही आहे. हिशेबाची वही इतकी भरली होती की मेल्यानंतर पडणारी नोंदही त्याला दिसत होती.

ही पत्रे वाचून अनेकांना त्याची कीव येते. मलाही येते. मेलेल्या वैऱ्याचे दुःख खोटे ठरवण्यात आपला मोठेपणा नाही. पण ही पत्रे पुन्हा वाचली की एक गोष्ट खटकते. त्याने रयतेचा सांभाळ झाला नाही हे मुलाला सांगितले, रयतेला सांगितले नाही. भीमेच्या, निरेच्या, कृष्णेच्या खोऱ्यातल्या एकाही गावाला उद्देशून दोन ओळींचे फर्मान निघाल्याचे ऐकिवात नाही. कैदेतल्या येसूबाईंना आणि शाहूंना त्याने सोडले नाही. बापाकडून माफीनामा मिळण्याची किंमत जाणणारा माणूस इथे मात्र थेट अल्लाहकडे गेला.

हमीदुद्दीनच्या नावावर असलेल्या संग्रहात त्याचे मृत्युपत्र दिले आहे. टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे आया बेगकडे आहेत, त्यांत कफनाचे भागवा. कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटा. आणि एक इच्छा अशी, की आपले डोके उघडे ठेवून पुरावे, कारण त्या थोर बादशहासमोर बोडक्या डोक्याने नेलेल्या पाप्यावर दया होते. ज्याच्या पगडीसाठी आणि तख्तासाठी दोन भाऊ मारले गेले तो माणूस शेवटी पगडीच उतरवून जाऊ पाहत होता. मरणापूर्वी कुणीतरी हत्ती आणि हिरा दान करण्याचा उपाय सुचवला. ही रीत आपली नव्हे म्हणून त्याने ते नाकारले आणि गरिबांसाठी चार हजार रुपये काझीकडे पाठवले. टोप्यांच्या चार रुपयांमागे आणि या दानामागे प्रामाणिकपणा होता असे मी मानतो. आपल्या हाताने कमावलेला पैसा कोणता आणि रयतेचा कोणता, हा फरक त्याने कफनापुरता अगदी काटेकोर केला.

20 फेब्रुवारी 1707 रोजी, जुन्या गणनेने, शुक्रवारी सकाळी तो गेला. शुक्रवारी मरण यावे ही त्याची इच्छा होती. खुलदाबादला चौदाव्या शतकातले सूफी शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याला पुरले. मरणोत्तर त्याला खुल्द-मकान म्हटले गेले, त्यावरून त्या गावाला खुलदाबाद हे नाव पडले. वर छत नाही, घुमट नाही. उघड्या आकाशाखाली माती आणि तीवर सब्जा. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची. तो जिल्हा आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखला जातो.

मे 1707 मध्ये आझमने उत्तरेकडे जाताना शाहूंना सोडले. पंचविशीच्या आतला तरुण, त्यातली सतरा वर्षांहून अधिक मोगल छावणीत गेलेली. दक्षिणेत येताना ते खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीवर गेले, असे इतिहासग्रंथांत सांगितले आहे. भीमाकाठी ज्याच्या बापाचे रक्त सांडले तो वारस, आणि समोर उघड्या मातीत उघड्या डोक्याचा देणेकरी. मुरादच्या निवाड्यात ज्या वारसाच्या शब्दावर मरण-जीवन ठरले होते, त्याच हक्काचा माणूस आता त्या कबरीपाशी उभा होता. मागणाऱ्याने मागितले नव्हते, म्हणून देण्याचा प्रश्नही कुणी विचारला नाही.

शाहू तिथून साताऱ्याच्या वाटेला लागले आणि पुढच्या जानेवारीत त्यांचा राज्याभिषेक झाला. येसूबाई मात्र ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिल्या होत्या. त्या परत आल्या 1719 मध्ये.